माझी नजर मागून नेणारा

त्या माणसाविषयी चांगले बोलणे मला आजही जड जाते. वाईट बोलण्यासारखे त्याच्यात फारसे काही नव्हते, ही माझी खरी अडचण आहे.

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. तेथे मोटारींच्या बॉड्या रंगविल्या जात. मी तेथील रंगखात्याचा मास्तर. हातात रंगाची बंदूक धरण्यापासून सुरुवात करून शेवटच्या तपासणीपर्यंत पोचलेला. तो पुष्कळ नंतर आला. कारखान्यात रोबो आले त्या वर्षी, रोबोंच्या मागोमाग. यंत्रांचे हात आता रंग मारणार होते. त्या हातांना डोळे, कान आणि कातडी म्हणून जी उपकरणे लागतात, त्या सेन्सरांची जबाबदारी त्याच्याकडे होती. डिप्लोमा झालेला, विचुंब्याच्या आगरी घरातला. वडिलांच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि त्याच्या गळ्यात जाड साखळी होती. कामगार त्याला भाऊ म्हणत. मला मास्तर म्हणत. या दोन हाकांमधले अंतर तो येईपर्यंत मला कधी जाणवले नव्हते.

पहिली आठवण वासाची आहे. रंगाचा बूथ म्हणजे एक बंद खोली. तिला बाहेरून पाहण्यापुरती काच असते. त्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाचे डोके तो हुंगत असे. केसांचे तेल, दाढीनंतरचे क्रीम, अंगावर मारायचा सुगंधी फवारा, यांचा अंशमात्र हवेत असला तरी ओला रंग त्या जागेवरून दूर सरकतो आणि टाचणीच्या डोक्याएवढे गोल खड्डे पडतात. तेल लावून आत यायचे नाही, हा नियम जुना होता. मीच घातलेला. वर्षानुवर्षे मी लोकांना दारातून परत पाठवीत आलो होतो. लोक निमूटपणे परत जात आणि पाठीमागे मला शिव्या देत.

तो उंच होता. डोके रोज तासलेले. दारात उभा राहून तो पुढच्याच्या टाळूशी नाक नेई आणि निकाल देई.

"खोबरेल. आज बाहेरचं काम."

"आवळा. बायकोनं चोळलंय, तुझा दोष नाय. पण आत नाय."

एकदा कारखान्याचे मोठे साहेब परदेशी पाहुण्यांना घेऊन आले. त्याने पाहुण्यांना हुंगले, मग साहेबांना.

"साहेब, चमेली."

"अरे, दोन मिनिटं आत जाऊन येतो."

"चमेलीला मिनटं कळत नाय, साहेब. पाहुणे आत जाऊ द्यात. तुमी काचेतून बगा."

साहेब काचेबाहेर उभे राहिले. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर पोचली. पुढे साहेब स्वतःच ती हसत हसत सांगू लागले. याच कारणासाठी मी पूर्वी एका साहेबांना दारात अडविले होते, तेव्हा मला उद्धट ठरविण्यात आले होते. नियम तोच. माझ्या तोंडून निघाला की उद्धटपणा, त्याच्या तोंडून निघाला की किस्सा.

सेन्सरांना तो माणसांप्रमाणे हाक मारी. बूथच्या दाराशी बॉडी आली की नाही, हे प्रकाशाच्या किरणाने पाहणारा एक डोळा होता, तो भालदार. रंगाच्या थराची जाडी मोजणारा तो सोनार. हवेतला दमटपणा मोजणारी ती आत्या. "आत्याचे गुडघे धरलेत आज," असे तो सकाळी सांगे, आणि जरा वेळाने खाडीकडून ओली हवा येऊन रंग वाळायला उशीर लावी. कामावर आला की तो या सर्वांपुढून एक फेरी मारी, प्रत्येकाची काच मऊ फडक्याने पुशी आणि ख्यालीखुशाली विचारी. सेन्सर बिघडला, हे वाक्य त्याच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती.

"बिघडला नाय. तो सांगतंय, तुमी ऐकत नाय."

बहुधा ते खरे निघे. खरे निघाल्यावर तो गप्प बसत नसे. "पनवेलपासून पेणपर्यंत फिरा, असा माणूस गावला तर सांगा," असे तो स्वतःविषयी मोठ्याने म्हणे. नम्रता त्याने कोठेही बाळगलेली नव्हती. तो नम्र असता तर त्याचा राग करणे मला कठीण गेले असते. तेवढा एक उपकार त्याने माझ्यावर केला.

त्याच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट असे. जेवण झाल्यावर तो कोपरापर्यंत हात धूत असे. मग स्वतःचीच बोटे हुंगून कधीकधी स्वतःलाच बाहेर ठेवी. "मी आज आत नाय. मला वास हाय." आणि दुपारभर काचेबाहेर उभा राहून हातवारे करीत काम सांगे. आतली माणसे हसत आणि अचूक काम करीत. माझ्या हाताखाली ती नुसतीच अचूक काम करीत असत.

आता माझ्याविषयी, आवश्यक तेवढे. रंग होऊन, भट्टीतून वाळून निघालेली बॉडी शेवटी माझ्यासमोर येई. माथ्यावर लांब ट्यूबलाइटांच्या ओळी असत. मी रंगाकडे पाहत नसे. रंगात उमटलेल्या त्या ओळींकडे पाहत असे. ओळ जेथे थरथरे तेथे दोष. मग हातमोजा घातलेला तळवा एकदा फिरवायचा. त्यानंतर मी दोहोंपैकी एक शब्द बोले: पास किंवा परत. त्यावर अपील नव्हते. कारखान्यातले माझे सारे असणे त्या शब्दावर उभे होते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होई, तेव्हा नारळ फोडण्याचा मान माझा असे, तोही त्या शब्दामुळेच.

तो आला त्या वर्षीच्या खंडेनवमीला एक प्रकार घडला. पूजा रीतसर झाली, नारळ मी फोडला. दसऱ्याची सुट्टी संपवून लोक कामावर आले तर लाइन हलेना. रोबो स्तब्ध उभे. बॉड्यांची रांग दाराबाहेर खोळंबलेली. यंत्रे ज्यांनी बसविली होती त्या कंपनीला फोन गेले. रोबोंचे सांधे तपासून झाले. तो मात्र सरळ बूथच्या दाराशी गेला, भालदारासमोर वाकला आणि तेथेच जमिनीवर बसून हसू लागला. भालदाराच्या काचेवर हळदकुंकवाचे जाड बोट उठलेले होते. त्यामुळे त्या डोळ्यापुढे सतत काहीतरी उभे होते, आणि दारात बॉडी असताना दुसरी आत घ्यायची नाही, हे तर त्याला शिकविलेलेच होते.

त्याने काच लगेच पुसली नाही. सगळ्यांना गोळा केले.

"गंध कपाळाला लावतात रे. डोळ्यात कोन घालतं? हा बिचारा परवापासून बोंबलतंय, दारात गाडी उभी हाय, न तुमी म्हणताव नाय."

एक भाविक फिटर स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. सर्वांच्या ते लक्षात आले होते.

"कोनी लावलं ते मला सांगू नका," तो म्हणाला. "भक्ती चांगली हाय. जागा चुकली."

मी नाव विचारले असते. नाव विचारणे योग्य होते, असे मी आजही मानतो. पण तो फिटर पुढे त्याच्यासाठी रविवारीही कामावर येई, हेही मी पाहिले.

पुढच्या वर्षी त्याने पूजेची नवी रीत घातली. चालत्या सेन्सरांना कोणी हात लावायचा नाही. बूथबाहेर एक पाट मांडायचा, त्यावर निकामी झालेले सेन्सर ठेवायचे आणि हळदकुंकू, झेंडू जे काय ते त्यांना वाहायचे. "जे काम करून थकले त्यांची पूजा. जे करतायत त्यांना काम करू द्या." लोकांना हे फार आवडले. मग तो माझ्याकडे आला.

"मास्तर, तुमची पहिली बंदूक कपाटात हाय ना? तीपण पाटावर ठेवू."

मी बंदूक दिली. झेंडूची फुले वाहिलेल्या, मेलेल्या उपकरणांच्या रांगेत ती बसली. तिच्याकडे पाहत असताना एक कामगार नारळ घेऊन पुढे झाला आणि त्याने तो माझ्यापुढे न धरता त्यांच्या भाऊपुढे धरला. मुद्दाम नसेल. पण भाऊने नारळाला हात लावला नाही.

"अरे, मास्तर हायत ना. त्यांना दे."

नारळ माझ्याकडे आला. मी फोडला. एका घावात फुटला. लोकांनी नाव काढले. पण तोवर तो मान माझा होता. त्या दिवसापासून तो मला त्याने दिलेला झाला. स्वतःचीच वस्तू दुसऱ्याच्या हातून घ्यावी लागणे म्हणजे काय, हे ज्याला अनुभवाने ठाऊक नाही त्याला समजावता येणार नाही.

सासू आली ती त्यानंतर. न्हावा शेव्याच्या बंदरातून मोठमोठ्या पेट्या आल्या आणि माझ्या जागेच्या अलीकडे प्रकाशाची एक कमान उभी राहिली. बॉडी तिच्याखालून सरके. कमानीतले दिवे रंगावर पट्टे पाडीत आणि कॅमेरे ते पट्टे वाचीत. मी जे ट्यूबलाइटांखाली करीत असे, नेमके तेच. फरक इतकाच, की तिला प्रत्येक गोष्ट दोष वाटे. पहिले काही दिवस तिने एकही बॉडी सोडली नाही. म्हणून ती सासू. हे नाव ठेवून तो माझ्यासमोर येऊन बसला.

"मास्तर, हिला दिसतं सगळं, कळत काय नाय. काय धरायचं न काय सोडायचं, ते तुमाला ठाऊक. तुमची नजर हिला द्यायची हाय."

"दिलेली परत मिळते का?"

"दिल्यानं सरत नाय ती."

वरून हुकूम होता. मी दिली. दिवसच्या दिवस आम्ही बॉड्यांभोवती फिरलो. जो दोष धरायचा त्यावर मी कागदाची चिकटपट्टी लावी. तो कारण विचारी. इतक्या वर्षांत मला कारण कोणी विचारले नव्हते. स्वतःलाही मी ते विचारलेले नव्हते.

"हा कण का सोडला?"

"टपावर आहे. टप कोण बघतो?"

"न हा धरला. हा तर त्याच्यापेक्षा बारीक हाय."

"हा दाराच्या मुठीखाली आहे. गाडीत बसताना माणूस तिथंच बघतो."

असे काही कानी पडले की तो स्वतःच्या टकलावर थाप मारी आणि जेवणाच्या सुट्टीत सर्वांना ऐकवी, "आज मास्तरनं सासूला मुठीचं शिकवलं." हळूहळू सासूची तक्रार कमी झाली. ती टपावरचे सोडू लागली, मुठीखालचे धरू लागली. शेवटी शेवटी मी तोंड उघडण्याआधीच ती माझा शब्द सांगे. लोक म्हणू लागले, भाऊनं सासूला माणसात आणलं. भाऊनं.

तो क्षण मला नीट आठवतो. मला त्या माणसाचा मत्सर वाटत होता, त्याला मिळणाऱ्या श्रेयाचा वाटत होता, आणि आता एका लोखंडी कमानीचाही वाटू लागला होता.

काही वर्षे आम्ही दोघे तपासत होतो, आधी सासू आणि मग मी. क्वचित मतभेद होई; तेव्हा माझा शब्द चाले. पुढे मतभेद वाढले. अखेरचा शब्द माझ्याकडे ठेवायचा की सासूकडे द्यायचा, हे ठरवायला एके दिवशी मोठे साहेब स्वतः लाइनवर आले. नेमकी त्याच वेळी एक काळी बॉडी आली. काळा रंग काही लपवीत नाही. सासूने डाव्या बाजूच्या मागल्या दारावर लाल खूण दाखविली. मी ट्यूबलाइटांच्या ओळी पाहिल्या. सरळ होत्या. तळवा फिरविला.

"पास," मी म्हणालो.

बॉडी पुन्हा कमानीखालून नेली. पुन्हा तीच खूण. कामगार जमले होते. साहेब त्याच्याकडे वळले.

"उपकरणं तुमची. तुम्ही सांगा. कोण बरोबर?"

तो दारापाशी वाकला. बराच वेळ वाकून होता. तळवाही फिरविला, माझ्यासारखाच. मग उठला, कमानीत गेला आणि खिशातले फडके काढून एका कॅमेऱ्याची काच पुसली.

"सासू चुकली, साहेब. काचेवर धूळ हाय."

साहेबांनी मान हलविली आणि अखेरचा शब्द मास्तरांकडेच राहील असे सर्वांसमक्ष सांगितले. कोणीतरी टाळी वाजविली. मी चहा घेतला. चहा घेताना मला आठवले की सकाळच्या फेरीत त्याने सर्व काचा पुसल्या होत्या. तो रोज पुशी. त्याच्या कॅमेऱ्यावर धूळ असणे म्हणजे देवळात समईला तेल नसणे.

मी दुरुस्तीच्या शेडमध्ये गेलो. ती काळी बॉडी तेथे होती आणि तो मागल्या दाराला स्वतः पॉलिश करीत होता. दार अर्धे उन्हात होते. उन्हात मला तो खड्डा दिसला. टाचणीच्या डोक्याएवढा.

"काचेवर धूळ नव्हती," मी म्हणालो.

"नव्हती."

"मग सासूला खोटं का पाडलंत?"

तो पॉलिश करीतच राहिला. "मास्तर, तिला अक्कल तुमी दिली. ती बोलते ते तुमचंच बोलणं हाय. काय वर्सांपूर्वीचं, एवढाच फरक. तुमीच पास म्हणालाव न तुमीच परत पाठवली. मी मधे कोन पडनार?"

"माझी नजर गेली, असं सांगा."

"डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा, असं सांगतंय. पनवेलात चांगला हाय एक."

मी तडक साहेबांकडे गेलो. बॉडी परत पाठवायची होती, सासू बरोबर होती, माझा डोळा आता भरवशाचा राहिला नाही, अखेरचा शब्द तिच्याकडे द्या, असे सांगितले. साहेबांनी उठून माझा हात हातात घेतला आणि माझ्या प्रामाणिकपणाविषयी बोलले. तो प्रामाणिकपणा नव्हता. एकदा नारळ त्याच्या हातून घेतला होता. शब्दही त्याच्या हातून घेणे मला शक्य नव्हते.

चांगल्या उपकरणाला खोटे ठरविल्याबद्दल साहेबांनी त्याला सर्वांसमोर खडसावले. त्याने ऐकून घेतले आणि मग जाऊन सासूची माफी मागितली. मोठ्याने, हात जोडून. सारे खाते हसले. लोकांनी मला प्रामाणिक म्हटले आणि त्याला दिलदार. प्रामाणिक माणसाला लोक नमस्कार करतात. दिलदार माणसाबरोबर चहा पितात.

त्या वर्षी खंडेनवमीचा नारळ कोणी फोडला, ते मला ठाऊक नाही. मी रजेवर होतो.

निवृत्तीनंतर मोतीबिंदू पिकल्यावर पनवेलात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर त्यानेच सांगितलेला होता. ते मी घरात कोणाला सांगितले नाही. डोळ्यावरची पट्टी निघून काही दिवस झाले असतील. दुपारी दारात तो उभा. आत येण्याआधी माझ्या डोक्याशी वाकला.

"मास्तर, खोबरेल."

"हे माझं घर आहे."

"असू दे. वास तो वास."

माझी पत्नी खदखदून हसली. आमच्या घरात ते हसू मी पुष्कळ दिवसांनी ऐकले. तिने त्याला चहाबरोबर शंकरपाळे दिले, जे पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले असतात आणि मला सहसा मिळत नाहीत. त्याने ते सगळे खाल्ले आणि आत्या, सोनार, भालदार सर्वांचे कुशल सांगितले. सासू आता म्हातारी झाली होती. तिच्या जागी परदेशातून नवी यायची होती. "तिला शिकवायला मास्तर कुठून आनायचा?" असे तो पत्नीला म्हणाला. मला नाही.

मग म्हणाला, "चला खाली. गाडी घेतली."

गाडी जांभळाच्या सावलीत उभी होती. रुपेरी, आमच्याच लाइनवरची. तो बाजूला जाऊन उभा राहिला आणि गप्प झाला. त्याला गप्प मी प्रथमच पाहत होतो. मी गाडीभोवती फिरलो. इमारतीच्या खिडक्यांचे गज दारांवर उमटले होते. ट्यूबलाइटांचे काम त्यांनी केले. टप पाहिला नाही. उजवी बाजू स्वच्छ होती. डावीकडे पुढल्या दाराच्या मुठीखाली एक गज किंचित थरथरला. मी तेथे बोट ठेवले.

"परत."

त्याने टकलावर थाप मारली. ती थाप ऐकून वरच्या गॅलरीत आलेली पत्नी पुन्हा हसली.

"म्हनून तर मला मिळाली," तो म्हणाला. "सासूनंपण तिथंच बोट ठेवलेलं. डागाची गाडी म्हनून कंपनीनं कामगारांत काढली, मी घेतली."

"पॉलिशनं निघेल हा."

"चुटकीसरशी."

"मग काढला का नाही?"

"तुमचा डोळा बरा व्हायचा होता ना."

तो साखळी सावरीत गाडीत बसला आणि विचुंब्याच्या दिशेने निघून गेला. नव्या डोळ्याला कोपऱ्यापर्यंतचे सारे स्पष्ट दिसत होते. तो खड्डा इतक्या लांबून दिसणे शक्य नव्हते. पण तो कोठे आहे ते मला ठाऊक होते.

सासूने तो माझ्याआधी पाहिला होता. ते मला आवडलेले नाही.

आता दर वर्षी दसऱ्याला तो आपट्याची पाने घेऊन येतो आणि गाडी जांभळाखाली उभी करतो. गाडी जुनी झाली आहे. मुठीखालचा तो खड्डा त्याने अजून तसाच ठेवला आहे. मी खाली उतरतो, बोट ठेवतो, शब्द उच्चारतो. त्या सकाळी मी डोक्याला तेल लावीत नाही.